हिंजवडीच्या भरतीप्रमुखांना रत्नागिरीहून

प्रति,
नॅसकॉमचे अध्यक्ष व पदाधिकारी,
तसेच पुणे, मुंबई आणि नवी मुंबईतील सॉफ्टवेअर कंपन्यांचे भरतीप्रमुख यांस,



मी रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. मुलांच्या प्लेसमेंटचे कामही माझ्याकडेच आहे. त्यामुळे आपल्या कंपन्यांच्या जाहिराती मी रोज वाचते. काही थेट कॉलेजच्या ईमेलवर येतात, बऱ्याच नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर सापडतात. उरलेल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून फिरत येतात आणि आमच्यापर्यंत पोचेतो त्या मूळ कोणाच्या हेही कळेनासे झालेले असते. या जाहिराती फार निष्काळजीपणे लिहिलेल्या असतात आणि त्या निष्काळजीपणाची किंमत आमची मुले मोजतात. हे कोणीतरी आपल्याला स्पष्ट सांगायला हवे, म्हणून हे पत्र.

कोथरूडमध्ये वाढलेल्या मुलाला तुमची जाहिरात वाचावी लागतच नाही. त्याचा मावसभाऊ तुमच्याकडे असतो, शेजारच्या इमारतीतली ताई तुमच्या स्पर्धक कंपनीत असते. अमुक ठिकाणी सहा महिने बेंचवर बसवतात, तमुक ठिकाणी डेव्हलपर म्हणून घेतात आणि सपोर्टच्या रात्रपाळीला टाकतात, पॅकेज सांगतात ते वेगळे आणि हातात पडते ते वेगळे, हे सगळे त्याला जेवताना कानावर पडते. लांजा किंवा राजापूरच्या वाडीतून आलेल्या मुलीच्या घरात ती कॉम्प्युटरवर काम करणारी पहिलीच असते. वडील बागायतीत किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर, आई अंगणवाडीत. तुमच्या कंपनीविषयी तिला जे काही कळणार ते त्या पंचवीस-तीस ओळींतूनच. म्हणजे जाहिरातीवर ज्याची सर्वांत जास्त भिस्त आहे, त्यालाच ती सर्वांत कमी सांगते.

एक नमुना देते. हा कुण्या एका कंपनीचा नाही, अनेक जाहिरातींतून जुळवला आहे, पण तुमच्यापैकी प्रत्येकाला तो ओळखीचा वाटेल. “जावा डेव्हलपर, अनुभव ० ते ३ वर्षे. जावा, स्प्रिंग बूट, रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, एडब्ल्यूएस, डॉकर, कुबरनेटीस, मायएसक्यूएल, मोंगोडीबी. एआय टूल्सची जाण असल्यास प्राधान्य. एक्सलंट कम्युनिकेशन स्किल्स. दबावाखाली काम करण्याची तयारी. दहावी, बारावी, पदवी सर्वत्र किमान ६० टक्के. ठिकाण पुणे, बंगळुरू किंवा पॅन इंडिया. पगार बेस्ट इन इंडस्ट्री. फक्त इमिजिएट जॉइनर.”

आता या मजकुरावरून सांगा, निवड झालेली मुलगी सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन काय करणार आहे? एखाद्या बँकेच्या कर्जवसुलीच्या प्रणालीतल्या चुका दुरुस्त करणार, की नवीन काही लिहिणार? तिच्यासोबत किती माणसे असतील, तिला शिकवणारे कोणी असेल का, रात्री फोन आला तर उठावे लागेल का? ज्या कामासाठी माणूस हवा ते कामच जाहिरातीत नाही. आहे ती नुसती साधनांची यादी. सुताराला कामावर बोलावताना करवत, रंधा, पटाशी सगळे येते का एवढेच विचारावे आणि दार करायचे की होडी हे सांगूच नये, तसा हा प्रकार आहे.

मुरलेला इंजिनिअर ही यादी बघतो आणि पुढे जातो. रिअ‍ॅक्ट आणि अँग्युलर दोन्ही एकाच कामाला लागत नाहीत, कोणीतरी दोन जुन्या जाहिराती एकत्र चिकटवल्या आहेत, हे त्याला दिसते. नऊपैकी चार गोष्टी येत असल्या तरी तो अर्ज करतो. आमचा विद्यार्थी तसे करत नाही. पंधरा-सोळा वर्षे तो छापील सूचना पाळत मोठा झाला आहे. अर्जात जन्मतारखेचा पुरावा मागितला की पुरावाच लागतो, ६० टक्के म्हटले की ५९.८ चालत नाहीत, हा त्याचा अनुभव आहे. म्हणून तुमच्या यादीतली प्रत्येक ओळ त्याला अट वाटते. उत्तम जावा येणारी, चांगला प्रकल्प केलेली मुले केवळ कुबरनेटीस येत नाही म्हणून अर्ज न करता बसलेली मी पाहिली आहेत. मुलींच्या बाबतीत हे जास्त घडते. दानिएल गोशे, जस्टिन फ्रीसन आणि एरन के या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले होते की जाहिरातीत वर्चस्व, स्पर्धा, आक्रमकता अशा धाटणीचे शब्द जास्त असले की तीच नोकरी स्त्रियांना कमी आकर्षक वाटते. आपण ती करू शकणार नाही असे त्यांना वाटत नाही, तिथे आपली जागा नाही असे वाटते. तुम्ही ‘रॉकस्टार’ आणि ‘निन्जा’ मागता तेव्हा कोण मागे सरकते याचा विचार करा. आणि मग कंपनीत मुलींची संख्या वाढत नाही म्हणून परिषदा भरवता, त्यापूर्वी आपली जाहिरात एकदा मोठ्याने वाचून पाहा.

अनुभवाच्या वर्षांबद्दल तर जगभर बोलून झाले आहे. फास्टएपीआय हे पायथॉनमधले आज सर्वत्र वापरले जाणारे साधन सेबास्टियन रामिरेझ यांनी २०१८ च्या अखेरीस लोकांसमोर आणले. २०२० च्या जुलैत त्यांनी जाहीरपणे लिहिले की एका जाहिरातीत फास्टएपीआयचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागितला आहे, आणि त्यांनी स्वतः ते निर्माण केल्याला जेमतेम दीड वर्ष झाले आहे. जग हसले आणि विसरले. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांच्या हाती आले. त्यानंतर दोन वर्षेही उलटायच्या आत जनरेटिव्ह एआयच्या पाच-पाच वर्षांच्या अनुभवाची मागणी आमच्या मुलांच्या मोबाइलवर येऊ लागली. अशा जाहिरातीपुढे मुलाजवळ दोनच वाटा उरतात. खरे बोलून बाहेर राहायचे, किंवा बायोडाटात खोटे लिहायचे. नोकरीच्या पहिल्याच पायरीवर त्याला खोटे लिहायला तुम्ही शिकवता. पुढे तुम्हीच पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्थेला पैसे देऊन ते खोटे शोधता आणि त्याला काढून टाकता. माझ्या दृष्टीने या सगळ्यातली ही सर्वांत गंभीर गोष्ट आहे.

पगाराकडे येते. ‘बेस्ट इन इंडस्ट्री’ या शब्दांतून काहीही कळत नाही. आकडा दिला जातो तेव्हा तो सीटीसीचा, म्हणजे कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चाचा असतो, आणि सीटीसी म्हणजे काय हे आमच्या पालकांना ठाऊक नसते. मी वर्गात फळ्यावर हिशेब करून दाखवते. वर्षाला ३ लाख ६० हजारांचे पॅकेज. बापाच्या डोक्यात लगेच महिना ३० हजार येतात. त्यातले १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे ३,००० रुपये, कंपनीचा आणि तुमचा निकाल चांगला लागला तर वर्षाअखेरीस. मूळ वेतन १५,००० धरले तर कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी १,८०० रुपये, तोही याच ३० हजारांत मोजलेला. ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० रुपये, जी सहसा पाच वर्षे टिकलात तर मिळणार. उरले साडेचोवीस हजारांच्या आत. त्यातून तुमच्या वाट्याचा निधी आणखी १,८०० रुपये. मुलगा असेल तर व्यवसायकर २०० रुपये. विम्याचा हप्ता कापला तर आणखी कमी. हातात बावीस हजारांच्या आसपास. वाकडला किंवा हिंजवडीला पीजीमध्ये कॉट घेतली की आठ-दहा हजार तिथेच जातात. घरी पाठवायला काय उरणार, शैक्षणिक कर्जाचा हप्ता जाणार का, हा हिशेब कुटुंबाने निघण्यापूर्वी करायचा असतो. ‘दरमहा हातात सुमारे २२,०००’ एवढी एक ओळ लिहिली तर तो घरबसल्या होतो.

पगार लिहिता येत नाही असे आपण म्हणू शकणार नाही, कारण आपल्यापैकी अनेक कंपन्या तो लिहितात, फक्त इथे नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२१ पासून जाहिरातीत पगाराचा पल्ला देणे सक्तीचे झाले. न्यूयॉर्क शहरात १ नोव्हेंबर २०२२ पासून आणि कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून तसाच कायदा आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये पगाराच्या पारदर्शकतेचा निर्देश काढला आणि सदस्य देशांना जून २०२६ ची मुदत दिली. कायदा आला म्हणून सगळे लगेच सरळ झाले असेही नाही. सुरुवातीला काही कंपन्यांनी घरून करायच्या नोकऱ्यांच्या जाहिरातीत ‘कोलोरॅडोच्या रहिवाशांनी अर्ज करू नये’ असे लिहून पळवाट काढली होती. पण आज एकाच कंपनीची डेन्व्हरची जाहिरात उघडली तर खालचा आणि वरचा आकडा दिसतो, पुण्याची उघडली तर ‘बेस्ट इन इंडस्ट्री’. तिथल्या उमेदवाराला जो मान कायद्याच्या धाकाने देता, तो इथल्या मुलांना आपणहून द्यायला काय हरकत आहे?

आता मुलाखतीच्या बोलावण्याविषयी. विद्यापीठाचे निकाल लागतात ते पावसाच्या तोंडाशी. ऑफ-कॅम्पस वॉक-इनच्या जाहिराती येतात त्या जून-जुलैत. पावसाळी वेळापत्रक लागले की कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात. आंबा घाटात किंवा परशुराम घाटात दरड आली की रस्ता कधी मोकळा होईल याची खात्री नसते. रत्नागिरीहून पुण्याला सोयीची थेट गाडी नाही, कुंभार्ली घाटाने कराडवरून किंवा आंबा घाटाने कोल्हापूरवरून तीनशे किलोमीटरच्या वरचा प्रवास रातराणीने करायचा. आणि जाहिरात सांगते, उद्या सकाळी ९ वाजता मूळ कागदपत्रांसह हजर राहा. मुलगा रहाटाघरच्या बसस्थानकावर संध्याकाळची एसटी धरतो, स्वारगेटला उतरून सार्वजनिक स्वच्छतागृहात तोंड धुऊन शर्ट बदलतो, आणि हिंजवडीच्या फाटकाशी त्याला कळते की भरती फक्त आधीच्या वर्षीच्या तुकडीची आहे. किंवा ज्यांची एक वर्षाची इंटर्नशिप झाली आहे त्यांचीच. किंवा जागा कालच भरल्या. माझ्या विद्यार्थ्यांवर ही पाळी पुनःपुन्हा आली आहे. त्या कंपन्यांची नावे मी इथे घेणार नाही, कारण प्रश्न दोन-चार कंपन्यांचा नाही. ‘फक्त २०२४ ची तुकडी’ हे चार शब्द जाहिरातीत असते तर तो मुलगा घरी राहिला असता, त्याचे पैसे, एक रात्र आणि बरीचशी उमेद वाचली असती.

रत्नागिरीकरांना हे सगळे नवीन नाही, म्हणून जरा मागे जाते. मुंबईच्या गिरण्यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्वांत जास्त माणसे पुरवली ती या जिल्ह्याने, तेव्हा सिंधुदुर्गही त्यातच होता. गिरणीत नोकरी लावून देणारा माणूस म्हणजे जॉबर. पगार किती, खाते कोणते, काम कायमचे की बदलीचे, हे कागदावर कुठेच नसे. ते जॉबरच्या तोंडी असे आणि ते जाणून घेण्यासाठी, मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात शिफारस केली की माणसे घेण्याचे आणि काढण्याचे अधिकार जॉबरकडून काढून घ्यावेत आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावेत. आपल्या भरती विभागांचे मूळ शोधत गेलात तर तिथवर पोचाल. नोकरीच्या अटी मध्यस्थाच्या तोंडातून निघून कागदावर याव्यात, हा या विभागांच्या जन्मामागचा एक मोठा हेतू होता. आज आमच्या मुलांना ‘सर, जेडीत (म्हणजे कामाच्या वर्णनात) लिहिलं नाहीये, पण कन्सल्टन्सीवाले म्हणाले’ असे सांगत फिरावे लागते, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा गिरणगाव मला परत दिसतो.

कागदावर काय यावे याचाही निर्णय या देशाने कधीच घेतला होता. १९५९ चा रोजगार विनिमय केंद्रे (रिक्त पदांची सक्तीची अधिसूचना) कायदा पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांनाही लागू होता. केंद्राने पाठवलेला माणूस घ्यायलाच हवा अशी सक्ती त्यात नव्हती, पण जागा कळवायला हवी होती. त्यासाठी १९६० च्या नियमांत जो नमुना दिला होता तो मी मुद्दाम वाचला. पदाचे नाव आणि कामाचे वर्णन वेगवेगळे विचारलेले. पात्रतेचे दोन रकाने, एक आवश्यक आणि दुसरा असल्यास बरे अशा पात्रतेचा. जागा किती, कायम किती, तात्पुरत्या किती. पगार आणि भत्ते. कामाचे ठिकाण. पद केव्हापर्यंत भरायचे. मुलाखतीची तारीख, वेळ, जागा, आणि उमेदवाराने तिथे कोणाला भेटायचे त्या व्यक्तीचे नाव व हुद्दा. साठ वर्षांपूर्वीचा टंकलिखित फॉर्म तुमच्या आजच्या पोर्टलपेक्षा उमेदवाराची जास्त काळजी घेतो. तो कायदा खासगी क्षेत्राने फारसा मनावर घेतला नाही आणि आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो विलीन झाला आहे. फॉर्म मात्र अजूनही उत्तम आहे.

आमची मुले सरकारी भरतीच्या मागे का लागतात, असे मला पुण्याचे लोक विचारतात. सुरक्षितता हे उत्तर आहेच. पण २०२३ ची तलाठी भरतीची जाहिरात काढून पाहा. भाषा जड, पाने पुष्कळ, प्रक्रिया लांबलेली, हे सगळे खरे. तरी पहिल्या काही पानांत जिल्हावार जागा आहेत, प्रवर्गवार वाटणी आहे, वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० अशी आकड्यांत छापली आहे, शिक्षणाची अट एका वाक्यात आहे. मुलाला आणि त्याच्या बापाला ते वाचून आपण कुठे उभे आहोत हे कळते. बॉण्डचेही तसेच. एका सार्वजनिक बँकेच्या अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट होती, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने ती अट वैध ठरवली. अट कडक होती यात शंका नाही. पण ती बँकेच्या भरतीच्या जाहिरातीतच लिहिलेली होती. खासगी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बॉण्डची बातमी आमच्या मुलांना बहुधा रुजू होण्याच्या दिवशी लागते, घर सोडून, पीजीचे डिपॉझिट भरून झाल्यावर. काही छोट्या कंपन्या तर पदवीची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात. तेव्हा नाही म्हणण्याची ताकद कोणाजवळ उरते?

इथून पुढचा मुद्दा मला रात्री झोपू देत नाही. खोटी जाहिरात खरीपेक्षा वेगळी दिसायला हवी. आज ती दिसत नाही. पगार गुळमुळीत, काम अस्पष्ट, कंपनीच्या नावाऐवजी ‘आमच्या नामांकित क्लायंटसाठी’, संपर्काला एक जीमेलचा पत्ता आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर, ‘ताबडतोब जॉइन व्हा’ ही घाई. ठगाची जाहिरात अशीच असते, आणि तुमच्यासाठी माणसे शोधणाऱ्या व्हेंडरची खरी जाहिरातही अशीच असते. मग मुलांना मी ओळखायला काय शिकवू? लॅपटॉपचे डिपॉझिट, नोंदणी शुल्क, ट्रेनिंग फी मागणारे फसवे असतात, हे सांगते. मोठ्या कंपन्या आपल्या संकेतस्थळावर ‘आम्ही भरतीसाठी पैसे घेत नाही’ असा इशारा देतात, तोही दाखवते. पण फसवणूक पैशांपुरती राहिलेली नाही. परराष्ट्र मंत्रालयाने २४ सप्टेंबर २०२२ रोजी सूचना काढली होती की थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ अशा पदांची आमिषे दाखवून आयटी जाणणाऱ्या तरुणांना बेकायदा म्यानमारमध्ये नेले जाते आणि तिथे डांबून ठेवले जाते. तिथल्या तळांवर त्यांच्याकडून जगभरच्या लोकांना फसवण्याचे काम करून घेतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना तिथून परत आणले. यातल्या कितीतरी जणांची सुरुवात एका जाहिरातीने झाली, आणि ती जाहिरात त्यांना खटकली नाही, कारण खऱ्या जाहिरातीही तशाच असतात. तुमच्या प्रत्येक अस्पष्ट जाहिरातीमुळे त्या ठगांचे काम सोपे होते. आपला हेतू स्वच्छ आहे हे मला माहीत आहे. परिणाम तरी हाच आहे.

हे असे का होते याची मला थोडी कल्पना आहे. माझे कितीतरी विद्यार्थी आता तुमच्या बाजूला बसतात. प्रकल्पाच्या मॅनेजरला माणूस हवा असतो, तो एचआरला दोन ओळींची मेल टाकतो. एचआरमधली मुलगी एकाच वेळी तीस जागा सांभाळत असते, ती मागच्या वर्षीचा जेडी उघडते, वरचे नाव बदलते. तो व्हेंडरकडे जातो, व्हेंडर छोट्या व्हेंडरकडे देतो. प्रत्येक जण शोधात सापडावे म्हणून आपले दोन शब्द वाढवतो आणि अडचणीचे दोन काढतो. शेवटी जो मजकूर निघतो तो लिहिणाऱ्याने ते काम कधी पाहिलेले नसते. अलीकडे हे काम एआयकडे दिले जाते. त्यामुळे जाहिराती लांब आणि गुळगुळीत झाल्या, माहिती तेवढीच राहिली. इकडे मुलेही एआयकडूनच बायोडाटा लिहून घेतात. एका यंत्राने लिहिलेल्या मागणीला दुसऱ्या यंत्राने लिहिलेले उत्तर जाते, तिसरे यंत्र ते चाळते, आणि माणसाची माणसाशी गाठ पडेपर्यंत कोणाविषयीच काही खरे कळलेले नसते.

एका जागेला हजारो अर्ज येतात, अशी आपली तक्रार असते. ती खरी आहे. पण काम, पगार, ठिकाण, तुकडी काहीच न सांगणारी जाहिरात कोणालाच थांबवत नाही, म्हणून सगळेच अर्ज करतात. मग ढीग कमी करायला दहावीच्या ६० टक्क्यांची चाळण लागते. दहावीच्या वर्षी वडील वारले म्हणून ५६ टक्के पडलेला आणि पुढे पदवीला पहिला आलेला मुलगा त्या चाळणीतून गळतो. स्पष्ट लिहिले तर ज्याला जमणार नाही तो स्वतःच मागे राहील. ती चाळण फुकट आहे आणि न्याय्यही.

मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी वरच्याच जाहिरातीचे पुनर्लेखन करून पाहिले. कंपनी कल्पनेतली आहे, आकडे नमुन्याचे आहेत.

“ज्युनिअर जावा डेव्हलपर, ४ जागा, पुणे (हिंजवडी फेज २). सहकारी पतसंस्थांचे कर्जखाते सांभाळणारी आमची प्रणाली गेली काही वर्षे चालू आहे. पहिले सहा महिने तुम्ही तिच्यातल्या नोंदवलेल्या चुका शोधून दुरुस्त कराल आणि चाचण्या लिहाल, त्यानंतर नवे भाग लिहायला घ्याल. सहा जणांचा गट आहे, त्यातला एक अनुभवी डेव्हलपर तुमचे काम रोज पाहील. जावा आणि एसक्यूएल यायलाच हवे. स्प्रिंग बूट आम्ही शिकवू. बाकी काही आले तर चांगले, नाही आले तरी अर्ज करा. २०२४ आणि २०२५ च्या तुकड्या, कोणतीही संगणकविषयक पदवी, बीएससी चालेल, टक्क्यांची अट नाही. वार्षिक पॅकेज ३.६ लाख, हातात दरमहा सुमारे २२,०००. आठवड्यातून पाच दिवस ऑफिस, सकाळी १० ते संध्याकाळी ७, महिन्यातून एक शनिवार. रात्रपाळी नाही. बॉण्ड नाही. पहिली फेरी घरून ऑनलाइन, दुसरी पुण्यात, तिचा प्रवासखर्च एसटीच्या दराने देऊ. निकाल, होकार असो वा नकार, दहा दिवसांत कळवू.”

हे लिहायला आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एका तासाहून जास्त वेळ लागला नाही. त्यात एकही गुपित नाही, एकही गोष्ट तुमच्या स्पर्धकाच्या उपयोगाची नाही. पगार कमी आहे हेही लपवलेले नाही, आणि तरी वर्गातल्या बऱ्याच जणांनी विचारले, ही कंपनी खरी असती तर कुठे अर्ज करायचा? पगार कमी असला तरी चालेल, समोरचा माणूस खरे बोलतो आहे एवढे कळले की आमची मुले तीनशे किलोमीटर यायला तयार असतात.

नॅसकॉमकडे माझी मागणी अशी. आपली संस्था १९८८ पासून या उद्योगाच्या वतीने सरकारशी बोलते आहे, आपल्या उद्योगात आज पन्नास लाखांहून अधिक माणसे काम करतात. फ्रेशरच्या जाहिरातीचा एक किमान नमुना ठरवा आणि सभासद कंपन्यांनी तो पाळावा असे जाहीर करा. १९६० चा तो फॉर्म पायाला घ्या, त्यात बॉण्ड, रात्रपाळी आणि पात्र तुकडी हे तीन रकाने वाढवा. कायद्याची वाट पाहू नका. व्हेंडरच्या जाहिरातीतही मूळ कंपनीचे नाव येईल अशी अट करारात घाला. जागा भरली की जाहिरात उतरवा. निव्वळ बायोडाटा गोळा करायला जाहिरात देणे बंद करा.

भरतीप्रमुखांना आणखी एक विनंती. जाहिरातीच्या शेवटी एका माणसाचे नाव आणि कंपनीचा अधिकृत ईमेल द्या, आणि आलेल्या प्रश्नाला त्या माणसाने उत्तर द्यावे अशी व्यवस्था करा. खोटी जाहिरात ओळखायला आमच्या मुलांच्या हातात याहून चांगले साधन नाही.

आमच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा येत्या मेमध्ये संपतील आणि पाऊस सुरू व्हायच्या आत मुले अर्ज करू लागतील. तोवर दुसरे काही जमले नाही तरी हातात येणारा पगार, पात्र तुकडी आणि विचारणा करायला एक नाव, या तीन गोष्टी ज्या कंपनीच्या जाहिरातीत असतील ती मी छापून विभागाच्या सूचनाफलकावर लावीन, देवरूख, चिपळूण, लांजा इथल्या सहकाऱ्यांना पाठवीन, आणि मुलांच्या पालकांना स्वतः फोन करून सांगेन की इथे पाठवायला हरकत नाही.

आपली,
रत्नागिरीतील संगणकशास्त्राची एक शिक्षिका